इंजिनाला वाहिलेली फुलं

हे कुणाला सांगू नकोस असं बाबांनी बजावलंय, तरी तुम्हाला सांगते. बाबा सरकारी जीप चालवतात. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कैनाडच्या एका अडलेल्या बाईला ते डहाणूच्या दवाखान्यात आणत होते. वाटेत जीपचा जोरच गेला. इंजिन चालू, पण चढ चढेना. बाबांनी प्लग पुसले, पेट्रोलची नळी फुंकली.

"दादा, ती थंड पडत चाललीय," बाईचा नवरा म्हणाला.

शेवटी हवेची नळी सोडली, तर आत झेंडूच्या पाकळ्या गच्च बसलेल्या. आईने पूजेत बोनेट उघडून इंजिनालाही फुलं वाहिली होती.

मूल गेलं. बाबांनी आईला "इंजिन जुनं झालंय" एवढंच सांगितलं. आई शेजारणींना सांगते, "पूजा केली होती म्हणून बाई तरी वाचली." ते ऐकलं की वाटतं, आईला एकदाच—

आले गं, आई!