पेनड्राइव्हवरची बाणवाली चित्रं

नाही काका, ते नको — महाग आहे म्हणून चांगलं, हे कोणी सांगितलं? सोसायटीच्या चेअरमननी? वाटलंच. अहो, त्या बॅकअपच्या सॉफ्टवेअरमध्ये इतकी बटणं आहेत की मी कम्प्युटर सायन्स करूनसुद्धा अर्धी दाबलेली नाहीत. तुम्हाला साधं हवं. डिस्क लावली, एक बटण दाबलं, चहा प्यायला गेलात — संपलं. हो, फुकट आहे. तोंड का वाकडं करताय? फुकट म्हटलं की तुमच्या पिढीला काळंबेरं दिसतं, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली कुठलीही लिंक मात्र बिनधास्त उघडता! बसा, स्टूल घ्या. अब्बा आत्ता दुकानात असते तर चहा विचारला असता, मी विचारत नाही.

आता ऐका. कॉपी घ्यायची ती वेगळ्या डिस्कवर — वेगळ्या, काका — आणि ती एरवी काढून कपाटात ठेवायची. आणि घेतल्यावर त्यातली एखादी फाइल उघडून बघायची. हे कोणी करत नाही. सगळ्यांना सगळं कळतं ना! आमचे अब्बाच घ्या — नियाजभाई, कर्वेनगरात कम्प्युटरचं दुकान, सगळे विचारायला यांच्याकडे — त्यांनी घरचा जुना संगणक एक्स्चेंजमध्ये देऊन टाकला. मी म्हटलं, त्यातलं सगळं? म्हणाले, बॅकअप घेतलाय बेटा, डी ड्राइव्हवर. डी ड्राइव्ह! त्याच संगणकातली! हसताय काय? शिरखुर्म्याचा व्हिडिओ होता त्यात — दूध उतू जातंय आणि अम्मी ओरडतेय, मिसबा, फोन ठेव, गॅस बंद कर! तेवढाच आवाज होता तिचा माझ्याकडे, ती गेल्यानंतर — जाऊ द्या. तो पेनड्राइव्ह द्या इकडे. काय कॉपी केलंय बघू.

हं. 'आईची गाणी'. तुमच्या आईची? स्वतः गायलेली? भीमगीतं — अच्छा, विहारात गायच्या. आता नाहीत का? बरं. — काका, हे काय आहे? नाही, गाणी नाहीत ही. हा कोपऱ्यात छोटा बाण दिसतोय? हे शॉर्टकट आहेत. डेस्कटॉपवरची चित्रं उचलून टाकलीत तुम्ही इथे. नुसता पत्ता आहे हा. गाणी घरच्या संगणकातच आहेत, घाबरू नका, घरी जाऊन —

काय केलंत? मूळ गाणीच डिलीट? का? — बॅकअप घेतला म्हणून. जागा व्हावी म्हणून! शाबास! घराचा पत्ता खिशात ठेवलात आणि घर पाडलंत, तात्याराव! उघडून एकदा बघावंसं नाही वाटलं? नातवाला विचारावंसं नाही वाटलं? नाही, तेवढं कसं विचारणार, आपण मोठे ना! रिसायकल बिन तरी — तीपण रिकामी केली. वा! स्वच्छतेची भारी हौस.

थांबा, उठू नका. रडू पण नका, प्लीज, मला ते जमत नाही. ऐका — डिलीट केलं म्हणजे लगेच पुसलं जात नाही. जागा तेवढी मोकळी मानली जाते. वर नवीन काही लिहिलं गेलं नसेल तर निघू शकतं. निघेलच असं नाही म्हणत मी. घरचा संगणक बंद आहे ना? चालू? कोण वापरतंय? चंद्रभागाकाकू — काय करतायत? रेकॉर्डिंग? आत्ता? सासूबाईंची गाणी स्वतःच्या आवाजात, आणि जागा झाली म्हणून तुम्हीच बसवून आलात? अहो, फोन लावा! नंबर काय शोधताय, बायकोचा नंबर पाठ नाही? द्या इकडे.

काकू, मी मिसबा, दुकानातून. काका इथेच आहेत, ठीक आहेत. काकू, गाणं थांबवा. हो, मधेच. कडवं पूर्ण नका करू — काकू, ऐका ना माझं, सेव्ह काही करू नका, भिंतीवरचं बटण बंद करा. संगणकाचं. केलं? परत लावू नका. — छान होतं हो. खरंच. मला इथपर्यंत ऐकू आलं. नाही, काही बिघडलं नाही, ते... काका सांगतील.

धरा. धरा ना फोन! मी नाही सांगणार. सॉफ्टवेअर-बिफ्टवेअर नंतर, आधी घरी जा आणि संगणक जसा आहे तसा उचलून आणा. माझ्याकडे काय बघताय, काका? काकू लाइनवर आहेत. बोला.