आधारवर पासष्ट

कारंज्याच्या दवाखान्यात, सत्तरी ओलांडलेल्यांच्या फुकट उपचाराच्या कार्डाच्या रांगेत, हीराबाईंच्या पुढं एक म्हातारं जोडपं उभं होतं.

“मनकर्णा, पिशवीत लुगडं काहून भरलं व?”

“भरती व्हाले. कार्डावर भरती झालं तरच गोळ्या फुकट भेटतात म्हणे.”

“तुले झालं काय?”

“बीपी. चार दिवसांपासून गोळी बंद केली मी.”

“येडी झाली काय? डबीत हायेत न, दोघायले सारखीच गोळी!”

“त्या तुमाले ठेवल्या. तुमाले कुठचं कार्ड? आधारवर तुमचं वय चुकलं, पासष्टच लिवलं, माह्याहून लहान.”

“अन् तू भरती झाली, तं मले गोळीची आठवण कोण देईन? आ कर आधी.”

मनकर्णाबाईंनी तोंड फिरवलं. हीराबाईंनी आपली पाण्याची बाटली पुढं केली.

“तिकडं बसून गोळी घ्या बाई. तुमचा नंबर मी धरून ठेवते.”