काकीशी इंग्रजीत केलेला भाव

माजं माहेर वेल्ह्याकडं, पार डोंगराच्या कुशीत, आन् दिली हितं शिवऱ्याला, हायवेच्या कडंला. आई मी चालाय लागायच्या आदीच गेली, मंग मला वाढवली ती तान्हाकाकीनं, म्हंजी माज्या चुलतीनं. तिची चार आन् पाचवी मी, पर ताटात तिनं कदी दुजाभाव केला न्हाई. हे आदीच सांगून ठेवते, कारण फुडचं ऐकून तुमीच म्हणाल ही बाई कसली.

रस्ता रुंद झाला तवा आमचं वावर कडंला आलं, मंग मालकांनी चार बांबू रोवले, वर ताडपत्री टाकली आन् म्हणले, बस हितं. काकड्या, कणसं, उन्हाळ्यात करवंदं. करवंदं काकी आणायची, काट्यात हात घालून तोडायची, बोटं चिकानं काळी, आन् पाटी घिऊन वेल्ह्याच्या एसटीनं यायची. आमच्यात भाव कसला वो? ती मापट्यानं मोजायची, शीग लावून, वरचा ढीग हातानं सपाट करायचा न्हाई, आन् समदं मोजून झालं की वर एक पसा टाकायचा, पसरल्या हातात मावंल तेवढा, बिनमोजता. आमच्याकडची रीतच हाये ती, पसा पडल्याबिगार यवहार पुरा व्हत न्हाई. मंग मी हातावर ठेवीन ते न बघता कमरंला खोचायची.

दोन वर्सांखाली बचत गटातनं आमाला भोरला नेलं, तीन दिवस. एक म्याडम व्हत्या, लई चांगल्या, त्यांचा ह्यात काय दोष न्हाई. त्या म्हणल्या, गाडीवाली मान्सं इंग्रजीत घासाघीस करत्यात आन् तुमी खाली मान घालून बसता, तवा ही वाक्यं पाठ करा. गिऱ्हाईक भाव पाडाय लागलं की म्हणायचं, सॉरी, दिस इज माय बेस्ट प्राईस, म्हंजी ह्याच्या खाली येणार न्हाई. माल घेताना टू मच, म्हंजी लई सांगता. कॅन यू डू बेटर, म्हंजी अजून उतरा. आन् नॉट पॉसिबल, न्हाई जमायचं. आन् बोलून झालं की गप ऱ्हायचं, जो आदी त्वांड उघडंल तो हारला. सातवी शिकलेली मी, भाकरी थापताना म्हणायची, म्हशीम्होरं म्हणायची. मालक म्हणायचे, तुज्या इंग्रजीनं म्हशीनं दूध आखडलं बघ.

पर चाललं की वो. गाडीतनं उतरलेला सायेब माजं सॉरी ऐकून दचकायचा, हसायचा, आन् मी सांगीन तो भाव द्यायचा. माजी मान ताठ झाली. काय सांगू तुमाला, त्या चार वाक्यांची नशा चढली मला, खोटं कशाला बोलू.

मंग त्यो दिवस. वैशाखाचं ऊन, एक गाडी थांबली, नवराबायकू. त्या बाईनं मोबाईल धरला, म्हणली, मावशी, तुमी किती छान इंग्लिश बोलता, परत बोला. मी बोलले. तेवढ्यात काकी आली, पाटी डोक्यावर, लुगडं काट्यानं फाटल्यालं, घामानं निथळत. म्हणली, सुमे, पाणी दे गं. त्या बाईनं इचारलं, ह्या कोण? आन् म्या म्हणलं, माल आणून देत्यात.

चुलती म्हणलं न्हाई म्या. माज्या तोंडातनं चुलती आलं न्हाई.

काकीनं मापटं काढलं, शीग लावून मोजाय लागली. ती बाई म्हणली, आता ह्यांच्याशी करून दाखवा की भाव. आन् म्या केला. म्या म्हणलं, टू मच. काकी हासली, तिला वाटलं पोर शिकली ते दावतीया. म्या म्हणलं, कॅन यू डू बेटर. तिचं हासणं थांबलं, माज्या तोंडाकडं बघत ऱ्हायली. म्या म्हणलं, नॉट पॉसिबल, आन् म्याडमनी सांगितल्यापरमानं गप बसले. तिच्या हातात मापटं तसंच. मंग हळूच म्हणली,

"माप कमी पडलं का गं, सुमे?"

आन् तिनं पसा टाकला. मी गपच. मंग तिनं अजून एक टाकला, मंग अजून एक. माज्या पोराला, तिच्या नातवाला म्हणून पाटीच्या कोपऱ्यात पानात बांधून ठेवली व्हती, ती बी सोडून वतली. त्या दोघांनी टाळ्या वाजवल्या, करवंदं घिऊन गेली. काकी बी उठली, एसटी चुकंल म्हणली. ती गेल्यावर माज्या ध्यानात आलं, पाणी द्यायचं ऱ्हाऊनच गेलं.

आठ दिवसांनी माहेरी गेले, पाया पडून सांगायचं म्हणून. तर काकीनं समद्या आळीला सांगून ठिवल्यालं, आमची सुमी सायेबाच्या बायकूसंगं इंग्रजी बोलती, तिला मोबाईलमधी घातली. बाया गोळा झाल्या. काकी म्हणली, बोल की, त्या दिशी माज्यासंगं बोललीस ते. आन् म्या परत बोलले वो, तिच्या तोंडावर, तीच वाक्यं, आन् ती पदर सारखा करून बसल्याली, कौतुकानं. जमीन दुभंगावी असं वाटलं मला. माफी मागायला जीभ उचलंना. सॉरी तर दिसभर गिऱ्हाइकाला वाटून वाटून पार झिजून गेल्यालं, आन् आपल्या बोलीत काय म्हणायचं ते मला कुणी शिकवलंच न्हाई.

अजून येती काकी, गुडघे धरून, थोडीच आणती. आता मी आदी तांब्या देते, मंग बाकीचं. पाणी पिऊन म्हणती, सुखी ऱ्हा पोरी. गिऱ्हाईक असलं की मीच सांगते, ही माजी चुलती, हिनं मला वाढवली. पर मोजून झालं की ती तीन पसे टाकती. आदी एक टाकायची, त्या दिवसापासनं तीन, दर खेपंला, तिला वाटतं तिचं माप कमी पडतंय. नगं म्हणावं तर का नगं ते सांगाय लागंल, मंग मी गप ऱ्हाते आन् पदर पसरते.

तुमी हे लिवताय ते लिवा. तिला वाचाय येत न्हाई, म्हणून तर सांगितलं तुमाला.