पंचाहत्तरच्या पुढचेच

तेलीबागेतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात, औषध घालून डोळे मिटून बसलेलं एक म्हातारं जोडपं माझ्या शेजारी मराठीत भांडत होतं. लखनौत आपलं कुणाला कळणार, अशा बेफिकिरीनं.

"दोन फेऱ्या मारल्यास काल त्या लाल गाडीत."

"माधवनेच बसा म्हटलं. छंदच आहे त्याचा, रविवारी म्हाताऱ्यांना फिरवायचं."

"वीस वर्षं एअरफोर्समध्ये गाड्या दुरुस्त केल्या मी. साठ सालची विलायती एमजी, नुसत्या आवाजावरून ओळखली! आणि मी फाटकापाशी तुझी पर्स धरून उभा."

"छप्पर उघडं होतं हो. अंबाडा सुटला माझा."

"हाँ, दिसलं. हसत काय होतीस एवढी?"

"तुम्हीही बसायचं होतं."

"कसा बसणार? पंचाहत्तरच्या पुढचेच, म्हणाला तो. मला चौऱ्याहत्तर. आणि तू तर बहात्तरची! खोटं बोललीस ना त्याच्याशी?"

"बहात्तर कागदावर. शाळेत घालताना बाबांनी चार वर्षं कमी लावली होती."

"म्हणजे तू शहात्तर? माझ्यापेक्षा मोठी?"

"हळू बोला."

"अगं, पन्नास वर्षांच्या संसारात मला कधी बोलली नाहीस. आणि त्या माधवला एका मिनिटात सांगून मोकळी झालीस?"

"त्याच्याकडे गाडी होती ना."