रियाल शंभरावर आला की

(फेब्रुवारी २००८. नाशिकजवळचा एक गुलाबाचा मळा. शुक्रवारची सकाळ, ओट्यावर आबा आणि त्यांची नात निकिता.)

निकिता : एकोणचाळीस सत्तर. परत चढला, आबा!

आबा : तो डॉलर. पप्पांचा पगार कशात होतो?

निकिता : ओमानच्या रियालमध्ये.

आबा : आणि तो पेपरात येत नाही. मग काय करायचं?

निकिता : डॉलरला दोन पूर्णांक सहानं गुणायचं. थांबा, पाटी आणते.

आबा : पाटी कशाला? डॉलर चाळीसचा धर.

निकिता : चाळीस... एकशे चार.

आबा : तीस पैसे आपण जास्त धरले. त्यांचे किती?

निकिता : तीस गुणिले... अठ्ठ्याहत्तर पैसे. ते काढले की... एकशे तीन रुपये बावीस पैसे. दिवाळीत एकशे दोन होता हो!

आबा : गणित बरोबर आलं आणि तोंड एवढंसं?

निकिता : पप्पा म्हणाले होते ना, रियाल शंभरावर आला की मी कायमचा परत येतो. तेव्हा एकशे पंधरा होता. मी रोज देवाला सांगत होते, पाड म्हणून.

आबा : आणि शेजारची झुंबरबाई? तिचाही मुलगा मस्कतला. ती रोज सांगते, चढव म्हणून. देवानं ऐकायचं कुणाचं?

निकिता : माझं. मी आधी सांगितलंय.

आबा : बरं बाई.

निकिता : पण आबा, हा भाव ठरवतं कोण?

आबा : आपल्या रुपयाचा? बाजार. कांद्यासारखं समज. घेणारे वाढले की चढतो, विकणारे वाढले की उतरतो. रियालचं आणि डॉलरचं मात्र तसं नाही. ओमानच्या सरकारनं तो भाव एकदा ठरवून टाकला. तुझे पप्पा दहावीला असतील तेव्हा. त्यानंतर हलला नाही.

निकिता : म्हणून आपण रोज दोन पूर्णांक सहाच घेतो?

आबा : म्हणूनच. आणि त्याच्याही आधी, मी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये लागलो तेव्हा, तिकडे ओमानात आपला रुपयाच चालायचा. त्यांच्यासाठी वेगळ्या रंगात नोटा छापायचो आम्ही.

निकिता : मग तेव्हा भाव काय होता?

आबा : एकास एक. रुपयाला रुपया.

निकिता : तेव्हा गेले असते पप्पा, तर लगेच परत आले असते.

आबा : तेव्हा तुझे पप्पा जन्मले नव्हते. जा, फोन वाजतोय. त्यांचाच असणार. स्पीकरचं बटण दाब.

जयराम : हॅलो, निकू? आई कुठंय?

निकिता : फुलं घेऊन बाजारात गेलीय. पप्पा, एकशे तीन बावीस.

जयराम : काय एकशे तीन?

निकिता : रियाल. शंभर होतच नाहीये. वर चाललाय.

जयराम : चढू दे की! वर्षभर नुसता उतरत होता मेला.

निकिता : तुम्ही म्हणाला होतात, शंभर झाला की येतो.

जयराम : मी? कधी? अगं, गमतीनं म्हणालो असेन.

आबा : जयराम, त्या गमतीवर ही पोरगी वर्षभर रोज गुणाकार करतेय.

जयराम : आबा, तुम्हाला तर माहितीय. गुलाबांवर शेडनेट टाकायचंय. आता भाव जरा वर येतोय, तर अजून एक वर्ष...

आबा : एकशे सत्तावीस होता तेव्हा म्हणालास, भाव चांगलाय, आत्ताच कमावून घेतो. एकशे दोनवर आला तर म्हणालास, कमी पडतंय, भरून काढतो. मला इतकंच सांग, माणूस घरी येतो तो कोणत्या भावाला?

जयराम : आबा, आवाज तुटतोय तुमचा.

निकिता : पप्पा, ऐकू येतंय ना?

जयराम : येतंय गं.

निकिता : तुमचं बाजारासारखं झालंय. रोज हलतं. तुम्ही ओमानसारखं करा ना.

जयराम : ओमानसारखं म्हणजे?

निकिता : त्यांनी एकदा ठरवून टाकलं. आता कुणी किती मागो, कुणी किती विको, ते हलतच नाहीत. तुम्हीपण ठरवून टाका.

जयराम : आबा, हे तुम्ही पढवलंत तिला?

आबा : भाव मी शिकवला. हे तिचं तिनं काढलं.

जयराम : मेमध्ये माझं कंत्राट संपतंय. नवा कागद आलाय सहीला, इथं टेबलावरच पडलाय. निकू, शाळा कधी सुरू होते तुझी?

निकिता : जूनमध्ये.

जयराम : मग पहिल्या दिवशी तुला सोडायला मी येतो.

निकिता : आणि रियाल दीडशे झाला तर?

जयराम : होऊ दे.

निकिता : दोनशे?

जयराम : आबा, हिला आवरा की!

आबा : उत्तर दे. मीपण ऐकतोय.

जयराम : दोनशे झाला तरी. पण आबा, शेडनेट राहिलं तर?

आबा : राहू दे. गुलाब उघड्यावर आजवर आलेच की. तुझ्या कात्रीला तेल लावून ठेवतो.

जयराम : लावा. ठेवतो आता, ड्युटी आहे.

निकिता : आबा, शुक्रवारी तर त्यांना सुट्टी असते.

आबा : असू दे. आण तो पेपर इकडे.

निकिता : परत डॉलर बघायचा?

आबा : नको. आज पहिल्या पानापासून वाच.