वसुलीवाला मामा

माह्या बायकोले तुमी साधी समजता ना, तं हे ऐका. राजापेठेत फ्लेक्स छापायच्या मशीनसाठी मी कर्ज काढलं होतं, ते थकलं. हप्ते लहान करून द्यायचा करार बँकेत होऊन राहिला होता, पण वसुलीवाल्याले त्याचं काय. रोज फोन करे, आणि एका सकाळी तो दारातच येऊन उभा राहिला.

“द्यायची ऐपत नोती तं मशीन काहून घेतली?” साऱ्या गल्लीनं ऐकलं.

मी आतच लपलो. वंदना पाण्याचा गिलास घेऊन बाहेर गेली.

“भाऊ, गाव कोणतं तुमचं?”

“हिवरखेड. तुमाले काय करायचं?”

“कोणाच्या घरचे?”

त्यानं आजोबाचं नाव सांगतलं. हिनं शांतपणे आपल्या आईचं माहेर सांगतलं. तेच गाव, तेच घराणं. गडी तिच्या आईचा लांबचा चुलतभाऊ निघाला.

त्यानं गिलासातलं पाणी पेलं. मंग बूट काढून आत आला आणि वाकून वंदनाच्या पाया पडला. आपल्याकडं मामाले भाचीच्या पाया पडाच लागते, मंग तो वसुलीचा का असेना. मी पडद्यामागून पाहतच राहिलो.

कराराच्या दिवशी हा बँकेत आमच्या बाजूनं बसला. साहेबाले म्हणे, “एवढा हप्ता माह्या भाचीले झेपत नाई.” साहेबानं कमी केला.

अजूनही हप्त्याच्या आदल्या दिवशी त्याचा फोन येते. “भाचीबाई, पाया पडतो,” म्हणते. “आता जरा जावयाले फोन द्या.”