ऑपरेशन माझं, लाज तुमाला?

मी दत्तू, मूळचा माण तालुक्यातला, फौजेत ड्रायव्हर व्हतो, शेवटची पोस्टिंग जयपूरला झाली आन् पेन्शनीवर आल्यावर हितंच ऱ्हायलो, खातीपुऱ्यात घर हाय, सीतापुऱ्यातल्या एका कापडाच्या फॅक्टरीची बस चालवतो. लिवताना नाव बदलू का म्हणताय? काय बदलायचं त्यात. चोरी न्हाई केली मी.

शुगर लई वर्सांची. पायाला मुंग्या यायच्या, नजर कमी झाली, ते समदं घरात बोललो, पर एक बोललो न्हाई. काय सांगू तुमाला, बायकोजवळ जावं आन् शरीरानं साथच देऊ नये, एकदा झालं, दोनदा झालं, मंग नेहमीचंच. गोळ्या खाऊन बघितल्या, नुसतं डोकं दुखायचं. मंग मी हॉलमधी झोपाया लागलो, म्हनलो हितं कूलरचा वारा चांगला येतो, आन् हितली हाडं गोठवणारी थंडी पडली तरी मी हॉलमधीच. शालन, म्हंजे माझी मंडळी, समदं बघत व्हती. एक दिस भाकरी थापता थापता म्हनली, फॅक्टरीतली कोण हाय ती, नाव तरी सांगा. मला कळंनाच. म्हनली, बाई कोण हाय ती? तवा मी समदं सांगितलं. आधी रडली, मंग लई चिडली, म्हनली, येवढंच व्हय? आन् मी जळून जळून निम्मी झाले!

दोघं दवाखान्यात गेलो. पयला डॉक्टर हसून म्हनला, अंकलजी, अब भजन करो. शालन म्हनली, भजन मैं करती हूं, आप इलाज बताओ. आम्ही तिथनं उठलो, दुसरा डॉक्टर गाठला. त्यानं मातर नीट बसवून सांगितलं. लिंगात दोन नळ्या, पोटात पाण्याची पिशवी, खाली अंडकोशाच्या पिशवीत बारका पंप, तो दाबला की नळ्या भरतात, काम झालं की बटण दाबून पाणी माघारी. गोड गोड बोलला न्हाई तो. म्हनला, पयल्यापेक्षा लांबी थोडी कमी वाटंल, शुगर काबूत न्हाई ठेवली तर आत पू होऊन समदं काढावं लागंल, आन् एकदा बसवलं की मंग आपोआप काही व्हायचं न्हाई. मी म्हनलो, आत्ता तरी कुठं व्हतंय!

शुगर खाली येईस्तोवर शालननं मला साखरेचा कणबी दिला न्हाई. ऑपरेशन झालं. खाली वांग्यावानी सूज, चड्डी घालवंना, चालताना पाय फाकून. सूज उतरल्यावर डॉक्टरनं पंप दाबाया शिकवलं, आयुष्यभर ट्रक हाकलेला गडी मी, आन् तो बारका पंप काही घावंना. घरी पयल्या वेळेला तर आम्ही दोघं हसतच बसलो, दुसरं काही झालंच न्हाई. पर हसलो, मतलब किती दिसांनी हसलो!

पोराला कळलं. तो हितंच वाढला, मराठी अडखळत बोलतो. म्हनला, बाबा, या उमर में? लोग काय म्हणतील? मी म्हनलो, माझा मोतीबिंदू काढला तवा समद्या नातेवाइकांना फोन करून तूच सांगितलंस, ते माझं शरीर आन् हे शेजाऱ्याचं व्हय?

मंग बातमी हितल्या मराठी लोकांत पसरली, आन् गणपतीच्या पंगतीत एक माजी सुभेदार समद्यांसमोर म्हनला, काय ड्रायव्हरसाहेब, गिअर पडतो का आता? बाप्यांची पंगत हसली. मी हातातला घास खाली ठिवला न्हाई. म्हनलो, माझा पडतो, तुमचा पडतो का ते घरी विचारून या. त्यावर पयलं हसू बायकांच्या पंगतीतून आलं.

तपासणीला डॉक्टरनं इच्यारलं, संतुष्ट हो? मी शालनकडं बघितलं. ती पदर सावरत म्हनली, ये अब मुझसे बात करते हैं.

आता त्रास न्हाईच असं न्हाई. थंडीत टोक गार पडतं, जवानीतला जोर काही माघारी आला न्हाई, येणारबी न्हाई. पर मी खुश हाय, आन् हे मी कुणाच्याबी तोंडावर सांगंन. लिवा तुमी बिनधास्त. ज्याला हसायचं त्यानं हसावं, त्याचीबी बायको सुखात ऱ्हावो म्हणावं.